चार वलयं जास्तीची

चंदनाच्या पायाला स्वस्थता अशी नव्हतीच. बसली तर टाच नाचणार, उभी राहिली तर ह्या पायावरून त्या पायावर झुलणार. भूगोल विभागाच्या प्रयोगशाळेत ती ज्या स्टुलावर बसायची त्याचे दोन पाय ढिले झाले होते आणि त्याचा दोष सगळे एकमताने तिलाच देत. "हिला भूकंपाच्या यंत्राजवळ बसवू नका," असं तिचा प्रकल्पातला जोडीदार साईराज नव्या पोरांना बजावून सांगायचा, "उगंच बेळगावात धरणीकंप झाल्याची बातमी जायची."

आज मात्र त्या नाचणाऱ्या टाचेला कारण होतं. तिच्यासमोर भिंगाखाली सागवानाची एक काडी होती, पेन्सिलीहून बारीक, वीतभराला जरा कमी, लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवलेली आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली. झाड न तोडता, खोडात पोकळ गिरमिट फिरवून काढलेली. सागवान पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतो, त्यामुळे दर सालाचं एक वलय खोडात उमटतं. काडीवर ती वलयं आडव्या रेघांसारखी दिसतात. सालीपासून गाभ्यापर्यंत रेघा मोजायच्या, झाडाचं वय हातात येतं.

तिने तिसऱ्यांदा मोजलं. सव्वीस.

यायला हवी होती बावीस. आणि यात चूक व्हायला जागाच नव्हती, कारण हे झाड कुणाचं ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं, खुद्द तिचं होतं. कोगनोळीजवळच्या तिच्या घरात, म्हणजे रायगोंडा पाटलांच्या घरात, मूल झालं की त्या पावसाळ्यात मळ्याच्या बांधावर एक सागवान लावायची रीत होती. पणजोबांनी सुरू केलेली. आप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, नावाच्या सागवानाच्या चौकटी त्यांच्याच लग्नाच्या वेळी घराला बसल्या होत्या. चंदना झाली दोन हजार चारच्या श्रावणात, तेव्हा तिचं झाड लागलं. तिच्या पाठचा वीरेंद्र झाला दोन हजार आठला, तेव्हा त्याचं. ही गोष्ट तिने घरात इतक्यांदा ऐकली होती की स्वतःच्या जन्मतारखेइतकीच तिला ती पाठ होती.

प्रकल्प जोडीचा होता. महामार्गाच्या दोन्ही अंगांची जमीन गेल्या काही दशकांत कशी पालटली हा साईराजचा भाग. तो अनगोळचा, घरची शेती निम्मी प्लॉटखाली गेलेली, त्यामुळे त्याला या विषयाचा राग होता आणि गोडीही. उपग्रहाची चित्रं समोर घेऊन तो तंबाखूला तपकिरी, उसाला हिरवा आणि हॉटेल, पेट्रोल पंप, प्लॉटना लाल रंग देत बसायचा, आणि लाल रंगच पुरत नाही म्हणून कुरकुरायचा. चंदनाचा भाग पावसाचा. जुन्या सागवानांच्या वलयांवरून कुठल्या साली पावसाने दगा दिला ते काढायचं आणि त्या सालांनंतर लोकांनी पीक बदललं का, जमीन विकली का, ते साईराजच्या नकाशाशी ताडून बघायचं. खानापूरच्या बाजूच्या आठ झाडांच्या काड्या तिच्याकडे तयार होत्या.

पण प्रकल्पाच्या मार्गदर्शक हेरेकर मॅडमनी सुरुवातीलाच खुंटा मारून ठेवला होता. "इकडचा सागवान वर्षाला एकच वलय टाकतो, हे आधी दाखवा. लावल्याचं साल पक्कं ठाऊक आहे असं झाड शोधा, मोजा आणि जुळवा. जुळलं नाही तर बाकीच्या काड्या चुलीत घाला." पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सहा महिने काम करायला विभागातून एकच विद्यार्थी जाणार होता आणि मॅडमच्या मनात चंदनाचं नाव होतं. अट हीच. चंदनाचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. तिथली यंत्रं तिने फक्त फोनवर पाहिली होती, आणि ती ताटातल्या गोडासारखी सारखी आठवायची.

"सव्वीसच?" साईराज मागे येऊन उभा राहिला.

"चार खोटी असतील," चंदना म्हणाली. "पाऊस मधीच थांबून परत लागला, न्हाईतर भर उन्हात पाणी मिळालं, तर झाड फसतंय. एका सालात दोन वलयं टाकतंय. आमच्या बांधाला उसाचं पाणी हाय."

तिने लाल पेन्सिल घेतली आणि त्यातल्या त्यात बारीक दिसणाऱ्या चार रेघांवर फुल्या मारल्या.

"ह्याच चार कशावरनं?"

"मी बावीसची हाय म्हणून."

साईराज हसला. तिला हसू आलं नाही. झाडाने काहीही सांगावं, घरच्यांनी सांगितलेलं साल चुकलेलं असेल हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आईच्या तोंडची गोष्ट एका पारड्यात आणि लाकडाची काडी दुसऱ्या, मग काडीचंच काय ते चुकणार.

हेरेकर मॅडमनी दुपारी काडी भिंगाखाली धरली.  चंदनाची टाच टेबलाखाली सुरू झाली.

"भावाचं झाड किती भरलं?"

"अठरा, मॅडम. बरोबर अठरा."

"त्याच बांधावर? तेच पाणी?"

"हो."

"मग ऊस काय फक्त तुझ्याच झाडाला पाणी पाजतो?" मॅडमनी टोकदार सुई एका रेघेजवळ धरली. "आणि ही बघ. गाभ्यापासून चौथी, सगळ्यांत अरुंद. खानापूरच्या आठही काड्यांत ही आहे. दोन हजार तीनचा दुष्काळ. तू तिच्यावरच फुली मारलीस. चंदना, तुझ्या जन्माच्या आधीचा दुष्काळ तुझ्या झाडाने कसा पाहिला?"

चंदनाने लाल पेन्सिल गुपचूप खिशात सरकवली.

"रोप नर्सरीत वर्षभर वाढलेलं असेल, तर एक वलय मी समजू शकते. चार नाही. जुळत नाही म्हणून फुली मारायची, याला मी काय म्हणू?" त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. "एक तर सागवान चुकतोय, नाहीतर लावल्याचं साल. घरी जा, विचार. सोमवारी मला पुण्याला नाव कळवायचं आहे."

शनिवारी सकाळी तिने मध्यवर्ती स्थानकावर निपाणीची बस धरली, आधार कार्ड दाखवून बायकांसाठीचं मोफत, शून्याचं तिकीट घेतलं आणि खिडकीची जागा पटकावली. काडीची पेटी मांडीवर. महामार्गावर कामं चालली होती, बस घडीघडी वळणरस्त्याला लागत होती, आणि प्रत्येक थांब्याला तिच्या मनात नवीन काहीतरी खुपायला लागत होतं. डोक्यात किडा वळवळायला लागला की असंच होतं. जुन्या, विसरलेल्या गोष्टी आपणहून रांगेत येऊन उभ्या राहतात.

जानेवारीत ती आणि साईराज गिरमिट घेऊन मळ्यात गेले होते, तेव्हा आई म्हणाली होती, "तुझ्या झाडाला नको गं. वीरूच्या झाडाचं घे की." चंदना म्हणाली होती, दोन्ही पाहिजेत. गिरमिट फिरताना कुरकुरायचं, आणि प्रत्येक फेऱ्याला आई पदर तोंडाशी घट्ट धरायची. काडी निघाल्यावर तिने त्या भोकात हळदमातीचा चिखल भरला आणि जुन्या लुगड्याची चिंधी खोडाभोवती बांधली. वीरूच्या झाडाला तिने बोटही लावलं नव्हतं. साईराजने विचारलं, "काकू, टाके घालायला डॉक्टर बोलवू का?" आई हसली नाही. ज्या जैन घरात पावसाळ्यात पालेभाजीचं पान न् पान उजेडात धरून किडा-मुंगी बघतात, त्या घरच्या बाईला झाडाचीही दया येणारच, असं म्हणून त्या दोघांनी ते सोडून दिलं.

आणि त्याच्याही मागचं. आठेक वर्षांची असताना चंदनाने कंपासमधल्या कर्कटकाच्या टोकाने त्या खोडावर आपलं नाव कोरलं होतं. तेव्हा आईने तिला मारलं. आई कधी हात उगारणारी नव्हे. त्या एका दिवशी तिने पाठीत धपाटे घातले आणि मग स्वतःच चुलीपुढे जाऊन रडत बसली. वीरूच्या रोपाचा शेंडा शेळीने खाल्ला तेव्हा मात्र हीच आई खो-खो हसली होती.

निपाणी आली, जर्द्याचा ओळखीचा वास खिडकीतून आत शिरला. तिथून दुसरी गाडी. मळ्यात पोचेपर्यंत दिवस कलला होता.

आप्पा पंपाच्या स्टार्टरचं झाकण उघडून त्याच्याशी झुंजत बसले होते. आई पडवीत सुपातली तूर पाखडत होती. वीरेंद्रने तिला बघितलं आणि "आक्का आली!" म्हणून पेटी हातातून घेतली. घरात धाकटा एकच, त्यामुळे आक्का म्हणणारा तोही एकच, आणि चंदनाला ते थोरलेपण मनापासून आवडायचं.

तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आप्पा, माझं झाड कवा लावलंसा?"

"तू झालीस तवा. किती बारी सांगायचं?"

"चार वरसं जास्त भरत्यात."

आप्पांच्या हातातला पेचकस थांबला. "तुझ्या भिंगाचं कायतरी चुकलं आसंल."

"वीरूचं बरोबर येतंय. त्याच भिंगानं."

पडवीत सुपाचा आवाज बंद झाला. आप्पांनी एकदा तिकडे पाहिलं, मग स्टार्टरमध्ये तोंड खुपसलं. "रोप मोठं आणलतं. आता आठवलं बघ. नर्सरीतनं चार वरसाचं रोप आणलतं. चांगलं मोठं हुतं."

चंदनाचा जीव भांड्यात पडला. इतकं साधं! चार वर्षांचं रोप, बावीस वर्षं बांधावर, दोन्ही मिळून सव्वीस. वलयंही खरी आणि घरचं सालही खरं. तिने लगेच साईराजला फोन लावला, तो तिकडे ओरडला, "मग लिही की तसंच, बसलीस कशाला!" पुणं पुन्हा हाताशी आलं. ती अंगणात येरझाऱ्या घालायला लागली.

पण टाच काही थांबेना. चार वर्षांचा सागवान म्हणजे दोन पुरुष उंच. तो उपटून आणायचा, मुळांसकट, मातीसकट.

"आप्पा, आणलंसा कशातनं?"

"सायकलवरनं," आप्पा म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना स्वतःलाच कळलं. त्यांनी पेचकस खाली ठेवला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची जी फजिती होते ती त्यांची झाली. कान लाल झाले आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना.

आई पडवीतून खाली उतरली. "पुरं करा आता," ती आप्पांना म्हणाली. "पोरीच्या अभ्यासात आनिक खोटं घालू नका." मग चंदनाला म्हणाली, "ती पेटी घे. चल माझ्यासंगं."

बांधावर सागवानाची मोठाली पानं गळून पडली होती, पायाखाली कडकडत होती. चिंधी अजून खोडाभोवती होती, उन्हाने विटलेली. आई बुंध्याशी बसली. मातीतली एक काटकी ती उचलत होती आणि टाकत होती.

"नीलम," ती म्हणाली. "तुझ्या आदीची."

चंदना उभीच राहिली.

"तुझं आप्पा तवा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला हुतं. आमी दोन खोल्या घेऊन राह्यचो. ती झाली तवा हे लावलं. दर सणाला हितं यायचो, तिला झाडापाशी उभी करायचो. कोण उंच, बघायचो. झाडच उंच आसायचं, आनि ती रडायची." आई किंचित हसली. "मग ते सुकं साल आलं. पाणी टँकरचं. तिला हगवण लागली. दवाखान्यात नेली, सलाईन लावलं. तीन वरसाची पोर, किती दम धरंल? मला त्या निपाणीत मग राह्यला ईना. भांडी घेऊन आमी हिकडं मळ्यात आलो. फुडल्या सराबनात तू झालीस."

लांब महामार्गावरून ट्रक गेल्याचा आवाज आला. चंदनाने विचारलं, "आनि माझं झाड?"

"न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"तुझं लावलंच न्हाय. आप्पांनी रोप आणलतं. सायकलवरनंच, तेवढं त्यांचं खरं हाय. मीच लावू दिलं न्हाय. एकीचं लावलं, ती गेली, आनि झाड मातर टणटणीत. मला लई भ्या वाटलं गं. म्हटलं, हिच्या नावाचं कायबी लावायचं न्हाय, कुटं खूण ठेवायची न्हाय. ते रोप बस्तीच्या देवळात देऊन टाकलं. तुझं आप्पा म्हटलं, तिचं नावबी ह्या पोरीम्होरं काढायचं न्हाय. मलाबी बरं वाटलं ते."

"मग वीरूचं?"

"तवर तू चार वरसाची झालीवतीस. चांगली गुबगुबीत. भ्या कमी झालतं. वीरूचं रोप लावाय लागलो तर तू फतकल मारून बसलीस. माझं कुठाय, माझं कुठाय. दिसभर त्योच घोशा. शेवटी आप्पांनी हे दावलं. हे बघ, ह्ये तुझं. तू पळत गेलीस आनि मिठी मारलीस ह्याला." आईने खोडाकडे पाहिलं. "त्याच्या फुडं काय बोलायचं?"

चंदनाला ती मिठी आठवत होती. म्हणजे गालाला खरखरीत लागलेली साल आठवत होती, बाकी काही नाही. तिने वर बघितलं. छातीच्या उंचीवर तिचं नाव होतं, खोड फुगत गेलं तशी अक्षरं रुंद झालेली, च आणि द एकमेकांपासून लांब सरकलेले. दुसऱ्याच्या झाडावर आपण आपलं नाव कोरलं. दुसरीच्या.

तिला आधी राग आला. "मला सांगायचं न्हाय व्हय गं? मी काय ल्हान हाय आता? मॅडमच्या म्होरं मी चार वरसांवर फुल्या मारल्या. लाल पेन्सिलीनं! चार वरसं खोटी हाईत म्हणून सांगितलं त्यास्नी!"

आणि हे बोलता बोलताच ती थांबली, कारण कुठली चार वर्षं ते तिच्या लक्षात आलं. फुल्या इकडे-तिकडे पडल्या होत्या, पण हिशेबातून खोडायची होती ती चार वर्षं हीच. नीलम जन्मल्यापासून जाईपर्यंतची. तिला इतकी लाज वाटली की ती आईच्या शेजारी मटकन खाली बसली.

 आईने चंदनाची पेटी आपल्या मांडीवर ओढली आणि झाकण उघडलं. "दाव मला," ती म्हणाली. "कुठलं साल कुठं आसतंय ते."

चंदनाने खिशातलं हातभिंग काढलं आणि काडी उजेडात धरली. दिवस मावळतीला टेकला होता, तिरपं ऊन बरोबर लाकडावर पडलं. "ही साल. हे गेल्या वरसाचं. असं आत आत जायचं. हा गाभा." तिने बोटाने खूण केली. "ही पयली रेघ. ती झाली त्या सालची. मग दोन. तीन."

"रुंद हाईत."

"चांगला पाऊस आसंल. न्हाईतर कुणीतरी पाणी घालत आसंल."

"मीच घालत हुतो," आई म्हणाली. "आलं की दोन कळशा."

"आनि ही चौथी."

चौथी रेघ केसाएवढी होती, तिच्यावर लाल फुली. आईने भिंगातून ती पाहिली. तिने बोट त्या रेघेवर टेकवलं. मग अंगठ्याला थुंकी लावून ती लाल फुली ती पुसायला लागली, पोराच्या गालावरचं काजळ पुसावं तशी. लाकडाला लागलेली पेन्सिल पुरती निघत नव्हती. चंदनाने ते बघितलं आणि तिला रडू फुटलं.

"आनि हिच्या फुडची?" आईने विचारलं.

"फुडची दोन हजार चार. मी झाले ते साल."

आईने भिंग सरकवलं. पाचवी रेघ चांगली जाड होती. "बघ की," ती म्हणाली, "त्याच झाडात हाईस तूबी."

घराकडून आप्पांची हाक आली. दिवस बुडायच्या आत ताटं वाढायची असत, आणि त्या हाकेला रोज सगळ्यांत आधी आईच उठायची. आज ती बसून राहिली.

"ह्या पावसाळ्यात तुझं लावू," ती म्हणाली. म्हणताना तिने चंदनाचं मनगट धरलं, आणि ती पकड इतकी घट्ट होती की चंदनाने तिच्या तोंडाकडे बघितलं.

"तुला भ्या वाटंल न्हवं?"

"वाटंल."

"मग ऱ्हाऊ दे. मी हाय की हितं."

आईची पकड सैल झाली. एवढा मोठा श्वास तिने सोडला की जणू बावीस वर्षं धरून ठेवला होता. चंदनाला वाटलं, आपल्याला झाड नाही याचं दुःख व्हायला हवं होतं. पण झालं ते वेगळंच. आपल्या नावाची जागा रिकामी ठेवून कुणीतरी आपल्याला इतकी वर्षं जपलंय, हे तिला कळलं, आणि ते पेलायला तिला कुठेतरी टेकावंसं वाटलं. ती सागवानाला टेकून बसली.

फोन वाजला. साईराज होता, नेहमीसारखा घाईत.

"अगं, मी तक्ता भरतोय. नमुना सीएच-एक. चार वर्षांचं रोप, म्हणून टीप टाकू न्हवं? मॅडमना रात्री पाठवून टाकतो, म्हणजे सोमवारची कटकट न्हाय."

"टीप नको. सीएच-एक खोड," चंदना म्हणाली. "एन-एक लिही. लावल्याचं साल दोन हजार."

"म्हणजे सव्वीस जुळलं?"

"जुळलं. एकबी वलय खोटं न्हाय. मॅडमना सांग, फुल्या माझ्या चुकीच्या हुत्या."

"भले! पुणं पक्कं मग!" तिकडे कळफलक खडखडला. मग तो थांबला. "पण एन कशाचा?"

"नीलम."

"कोण नीलम?"

चंदनाने आईकडे बघितलं. आई तिच्याकडेच बघत होती, खोडावर हात ठेवून, चिंधीच्या वर. ओठांवर आलेला शब्द चंदनाने आजवर हजारदा ऐकला होता, पण तो कायम तिलाच मारलेली हाक म्हणून. स्वतःच्या तोंडून तो तिने कधी कुणाला म्हटला नव्हता, आणि म्हणताना तो जिभेवर जरा अडखळला.

"माझी आक्का," ती म्हणाली.

 तिने फोन खाली केला. घराकडून पुन्हा हाक आली, या वेळी वीरेंद्रची.

आईने मान वर केली नाही. "आनिक एकदा म्हण," ती म्हणाली.